टाळेबंदीच्या भीतीने मुलाचं कॉलेज ठरवू नका

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा सतरा वर्षांचा, सहा फूट सहा इंच उंच, अकरावीत. २०२७ ला हायस्कूल संपेल. तीन डिव्हिजन वन (अमेरिकन कॉलेज खेळांची सर्वांत वरची पातळी) कॉलेजांनी बास्केटबॉलसाठी शिष्यवृत्ती देऊ केली आहे. त्या लिहितात: "त्याचे खासगी ट्रेनर सांगतात की २०२९ मध्ये एनबीएत २०११ सारखा संप होणार. म्हणून एक तर एकच वर्ष कॉलेज करून २०२८ च्या ड्राफ्टला, म्हणजे एनबीए संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीला, नाव द्या, नाहीतर सरळ युरोपात पाठवा. माझे दीर म्हणतात, हे खूळ सोडा आणि इंजिनिअरिंगचं बघा. संपात नव्या मुलांचं नक्की काय बिघडतं? आणि आम्ही आत्ता काय करायचं?"

ताई,

आधी एक शब्द दुरुस्त करू या. २०११ मध्ये खेळाडूंनी संप केला नव्हता, मालकांनी टाळेबंदी केली होती. गिरणगाव जवळून पाहिलेल्या घरांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. संपात कामगार स्वतःहून बाहेर राहतो, टाळेबंदीत मालक गेटला कुलूप घालतो. नव्या मुलाचं नुकसान त्या कुलपातूनच सुरू होतं.

भांडण पैशाच्या वाटणीचं होतं. आधीच्या करारात बास्केटबॉलच्या उत्पन्नातले ५७ टक्के खेळाडूंना मिळत होते, शेवटी ते ४९ ते ५१ टक्क्यांवर आलं. जुना करार ३० जून २०११ च्या मध्यरात्री संपला. १ जुलैपासून संघाची जिम, कोर्ट, संघाचे डॉक्टर आणि फिजिओ, सगळं खेळाडूंना बंद झालं. प्रशिक्षकाने खेळाडूला फोन करायचा नाही, संदेश पाठवायचा नाही. किती कडक? मायकेल जॉर्डन तेव्हा शार्लटचे मालक होते. एका मुलाखतीत त्यांनी टाळेबंदीविषयी बोलताना दुसऱ्या संघाच्या एका खेळाडूचं नाव घेतलं, तर लीगने त्यांना एक लाख डॉलर दंड केला. मालकाची ही गत, तर सहायक प्रशिक्षक कशाला धोका पत्करेल?

हे १६१ दिवस चाललं, ८ डिसेंबरपर्यंत. प्रस्थापित खेळाडूचे या काळात पैसे गेले. ८२ ऐवजी ६६ सामने झाले, म्हणजे पगाराचा साधारण पाचवा भाग बुडाला. पण त्याचा खेळ तयार होता, पाय तयार होते, ट्रेनर पदरचा होता. २३ जूनला ड्राफ्ट झालेल्या मुलाकडे यातलं काहीच नव्हतं. करारावर सही करण्याआधीच दार बंद झालं. लास व्हेगासची समर लीग त्या वर्षी रद्द झाली. कॉलेजातून आलेला मुलगा पहिल्यांदा मोठ्या माणसांशी भिडतो, चुकतो आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओसमोर बसून ती चूक पाहतो, ती ही जागा. मग उन्हाळाभर संघाच्या प्रशिक्षकांबरोबरचा सराव असतो, तोही गेला. सरावाचे तास मुलगा स्वतः भरून काढू शकतो. चूक झाल्या क्षणी थांबवणारा जाणता डोळा मात्र त्याला स्वतःला आणता येत नाही. चुकीचा फेक रोज पाचशे वेळा केला तर तो पक्का होतो, सुधारत नाही.

त्याच वर्षीची दोन मुलं शेजारी ठेवून बघा.

पहिला कवाय लेनर्ड. पंधराव्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याच रात्री सॅन अँटोनियोकडे आला. कॉलेजच्या दोन वर्षांत तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्याचे २५ टक्केच फेक आत गेले होते. ड्राफ्ट आणि टाळेबंदी यांच्यामध्ये जेमतेम आठवडा होता. तेवढ्यात संघाचे फेकीचे प्रशिक्षक चिप एंगलंड त्याच्यासोबत कोर्टवर उतरले, चेंडू डोक्यामागे जातो तो पुढे कसा आणायचा ते दाखवलं आणि घरी करायचा अभ्यास देऊन मोकळे झाले. पुढचे पाच महिने एकमेकांशी बोलणं बंद. लेनर्डने मात्र तेवढी एकच गोष्ट घोटली. पहिल्याच मोसमात त्याचा आकडा ३७.६ टक्के झाला.

दुसरा एनेस कांटर, तिसऱ्या क्रमांकाचा, म्हणजे लेनर्डच्या कितीतरी वर. तुर्कस्तानातल्या क्लबकडून पैसे घेतल्याच्या कारणावरून त्याला केंटकी विद्यापीठाकडून एकही सामना खेळू दिला नव्हता. त्यावर ही टाळेबंदी. तुर्कस्तानच्या राष्ट्रीय संघातले सामने सोडले तर जवळपास दीड वर्ष त्याला सलग स्पर्धात्मक खेळ मिळाला नाही. युटाने पहिल्या मोसमात त्याला सामन्याला तेरा मिनिटांच्या आसपासच खेळवलं. त्याच्यात गुण नव्हते असं नाही, पुढे तो वर्षानुवर्षं एनबीएत खेळला. पण सुरुवातीची ती वर्षं भरून निघायला वेळ लागला.

आणि पहिला आलेला कायरी अर्व्हिंग? ड्यूक विद्यापीठाकडून दुखापतीमुळे तो फक्त ११ सामने खेळला होता, तरी वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. म्हणजे टाळेबंदी सगळ्यांना सारखी मारत नाही. ज्याचं मूलभूत कौशल्य आधीच पक्कं आहे किंवा ज्याला नेमकं काय सुधारायचं ते ठाऊक आहे, तो तरतो. बाकीचे पाच महिने घाम गाळतात आणि होते तिथेच राहतात.

आता ज्या भागाकडे ट्रेनर लोकांचं सर्वांत कमी लक्ष असतं, तो बघू. खरं नुकसान कुलूप असताना जितकं होतं, त्याहून जास्त कुलूप उघडल्यावरच्या घाईत होतं. समझोता २६ नोव्हेंबरला जाहीर झाला, ९ डिसेंबरला कॅम्प सुरू, २५ डिसेंबरला पहिले सामने. सरावाचे सामने प्रत्येक संघाला दोनच, तेव्हा एरवी सात-आठ असत. त्यानंतर १२४ दिवसांत ६६ सामने. प्रत्येक संघाला निदान एकदा तरी सलग तीन रात्री खेळावं लागलं. अशा वेळापत्रकात सरावाचा दिवस उरतच नाही. प्रशिक्षकाला सामने जिंकायचे असतात, नव्या मुलाला शिकवत बसायला त्याला फुरसत नसते. पिक अँड रोलवर (एक खेळाडू सोबत्याच्या बचावपटूची वाट अडवतो आणि मग बास्केटकडे वळतो, ती चाल) मागे थांबायचं, पुढे यायचं की माणूस बदलायचा, हे कॅम्पमध्ये घोटलं गेलं नाही तर मुलगा अर्धी पावली उशिरा पोचतो आणि बाकावर जातो. जिमी बटलर त्या वर्षी तिसावा होता. शिकागोने त्याला संपूर्ण मोसमात ४२ सामन्यांत, तेही सरासरी साडेआठ मिनिटं वापरलं. २०१२ च्या उन्हाळ्यात त्याला समर लीग मिळाली, पुढच्या मोसमात जागा मिळाली. पुढे तो काय झाला ते तुमच्या मुलाला विचारा.

शरीराचंही तेच. त्याच वर्षी अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्येही टाळेबंदी होती. ती उठल्यावर कॅम्पच्या पहिल्या २९ दिवसांत बारा खेळाडूंच्या टाचेवरच्या अकिलीस शिरेला (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा पट्टा) इजा झाली, एरवी संपूर्ण वर्षातही एवढ्या होत नसत. कारण सरळ आहे. दम आणि स्नायू दोन-चार आठवड्यांत परत येतात, पण शिरा आणि सांध्याचे बंध भार पेलायला काही महिने घेतात. मुलाला वाटतं मी तयार आहे, कारण धाप लागत नाही. एनबीएतल्या त्या मोसमातल्या प्रत्येक दुखापतीचं खापर वेळापत्रकावर फोडणं बरोबर नाही, आणि आम्ही फोडत नाही. पण करार जाहीर झाल्यावर तयारी सुरू करणाऱ्याकडे कॅम्पपर्यंत तेराच दिवस होते, हे गणित विसरू नका.

कागदावरची एक गोष्टही सांगतो. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या मुलाच्या करारात पहिली दोन वर्षं पक्की असतात, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर. तिसऱ्या वर्षाचा निर्णय संघ पहिला मोसम संपल्यावर येणाऱ्या ३१ ऑक्टोबरपर्यंत घेतो. टाळेबंदीने मोसम कापला गेला तरी तो पूर्ण एक वर्ष म्हणूनच मोजला जातो. म्हणजे २०११ च्या मुलांचा निकाल समर लीग नसलेल्या, सराव नसलेल्या ६६ सामन्यांवर लागला. घड्याळ कोणासाठी थांबलं नाही.

आता तुमच्या ट्रेनरचं भाकीत. सध्याचा करार २०२३ पासून लागू आहे आणि २०२९-३० च्या मोसमापर्यंत चालतो. मालक किंवा खेळाडूंची संघटना, कोणीही १५ ऑक्टोबर २०२८ पर्यंत नोटीस दिली तर तो एक वर्ष आधी, ३० जून २०२९ ला संपेल. एवढंच खरं आहे. नोटीस दिली म्हणजे टाळेबंदी झालीच असं नाही. २०१७ चा आणि २०२३ चा करार कुलूप न लावता झाला. शिवाय २०२५-२६ पासून अकरा वर्षांचा सुमारे ७६ अब्ज डॉलरचा प्रक्षेपणाचा करार सुरू आहे, मैदान बंद ठेवणं दोघांनाही महाग पडेल. "होणारच" म्हणून सांगणाऱ्याच्या शब्दावर मुलाचं वर्ष लावू नका.

त्यातही एक अडचण आहे. कॉलेजकडून खेळण्याचा हक्क राखून ड्राफ्टमधून नाव मागे घ्यायची मुदत साधारण मे अखेर संपते आणि करार जूनअखेर संपतो. टाळेबंदी झाली की नाही हे कळण्याआधीच निर्णय घ्यावा लागतो. २०११ मध्ये हॅरिसन बार्न्स, जॅरेड सलिंजर आणि पेरी जोन्स हे तिघे वरच्या क्रमांकांचे मानले जात होते. तिघेही कॉलेजात थांबले. पुढच्या वर्षी बार्न्स सातवा गेला, सलिंजर पाठीच्या तक्रारीमुळे एकविसावा, जोन्स अठ्ठाविसावा. थांबण्याची किंमत असते, तशी घाईचीही असते. पण तेव्हा थांबणं म्हणजे बिनपैशाचं वर्ष होतं. आता कॉलेज खेळाडूला स्वतःच्या नावाच्या जाहिरातीचे पैसे मिळतात आणि २०२५ पासून कॉलेजं थेट वाटाही देतात. त्यामुळे २०२९ च्या मेमध्ये तो अर्धवट तयार असेल तर अजून एक वर्ष कॉलेजात काढण्याचा तोटा २०११ पेक्षा पुष्कळच कमी आहे. (तुमचा मुलगा अमेरिकन नागरिक आहे असं धरून हे लिहितो. विद्यार्थी व्हिसावर किंवा आईवडिलांच्या एच-४ वर असलेल्या मुलांनी असा एक डॉलरही घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं. ही चूक निस्तरणं फार कठीण जातं.)

युरोपचा सल्ला आम्हाला पटत नाही. २०११ च्या ड्राफ्टमधल्या योनास वालान्चुनस आणि निकोला मिरोतिच यांना टाळेबंदी बाधली नाही, कारण ते आपापल्या लिथुआनियाच्या आणि स्पेनच्या क्लबांत आधीपासून खेळत होते. अठराव्या वर्षी अमेरिकेतून नव्याने जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. ब्रँडन जेनिंग्ज २००८ मध्ये रोमला गेला. तिथे त्याला बेताचीच मिनिटं मिळाली, कारण तिथल्या प्रशिक्षकाला एका वर्षाच्या पाहुण्यावर मेहनत घेण्यात रस नसतो. आणि टाळेबंदी लागल्यावर परदेशात खेळायचं ठरलं तर करारात दोन गोष्टी हव्यातच: टाळेबंदी उठताच परत येण्याचं कलम आणि दुखापतीचा विमा. २०११ मध्ये चीनच्या लीगने मध्येच सोडून जायची मुभा नाकारली होती. जे. आर. स्मिथ, विल्सन चँडलर, केनियन मार्टिन तिकडे गेले, आणि नाताळला एनबीए सुरू झाली तेव्हा त्यांना लगेच परतता आलं नाही.

दुय्यम लीगविषयीही समज करून घ्या. तेव्हाची डी-लीग, आजची जी लीग, तिच्या खेळाडूंचा करार एनबीएच्या करारापासून वेगळा आहे, म्हणून २०११ मध्ये ती चालू राहिली. पण आज ज्यांना 'टू-वे' करार मिळतो, म्हणजे दोन्हीकडे खेळणारी मुलं, ती एनबीएच्या कराराखाली येतात. टाळेबंदीत तीही बाहेर. एजंट "टू-वे तर आहेच की" म्हणाला तर हा प्रश्न त्याला विचारा.

आत्ता काय करायचं, तर टाळेबंदी येवो न येवो, उपयोगी पडेल तेच.

फेक सुधारणारा माणूस एकच ठेवा. आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. शाळेचा प्रशिक्षक एक सांगतो, खासगी ट्रेनर दुसरं, उन्हाळी संघाचा तिसरं, आणि मुलगा तिघांचं ऐकतो. दर आठवड्याला एकदा फोनवर बाजूने आणि मागून वीस-वीस फेकींचं चित्रण करा, तारीख घालून साठवा. रोज पाच जागांवरून प्रत्येकी पन्नास फेक, धावत येऊन चेंडू घेऊन, आणि किती गेले ते वहीत. कॉलेजची तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर आहे, एनबीएची समोर ७.२४ मीटर आणि कोपऱ्यात ६.७१ मीटर. म्हणजे कॉलेजातून एनबीएत जाताना कोपऱ्यातलं अंतर जवळपास तेच राहणार आहे, तिथूनच पाया घाला. हाताची ठेवण बिघडत असेल तर एनबीएच्या रेषेमागे जाण्याचा हट्ट आत्ता नको.

नुसते प्लास्टिकचे शंकू मांडून ड्रिबल करण्यात उन्हाळा घालवू नका. आठवड्यातून तीन दिवस पाच विरुद्ध पाच खेळ हवाच, तोही पंच आणि २४ सेकंदांच्या घड्याळासह. २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या ड्रू लीगमध्ये मोठमोठे खेळाडू उतरले, बघायला मजा आली. पण अशा खेळात बचावात मदतीला जाणं, फिरून दुसऱ्याचा माणूस धरणं हे कोणी करत नाही, आणि नवा मुलगा नेमकं तेच विसरून कॅम्पला येतो. लास व्हेगासमधल्या एका प्रशिक्षण केंद्राने सप्टेंबरमध्ये संघ पाडून नियमित सामने लावले होते. तसलं काही जवळ शोधा.

पोटरीचं काम आठवड्यातून तीनदा: एका पायावर टाच उचलणं, गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन संच, गुडघा वाकवून पंधराचे तीन. सलग पंचवीस सहज जमू लागले की हातात वजन घ्यायचं. उड्या मोजायच्या. एका सत्रात ऐंशीपासून सुरुवात, आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढ नाही. जोरात धावून एकदम थांबण्याचा सरावही याच हिशोबात धरा, कारण शीर तुटते ती बहुधा अशाच क्षणी. टाळेबंदी लागलीच तर करार होईपर्यंत हा भार पूर्ण खाली आणायचा नाही. बातमी कोणत्याही शनिवारी पहाटे येऊ शकते, २०११ मध्ये तशीच आली. म्हणून शरीर कायम 'कॅम्पपासून दोन आठवडे दूर' अशा अवस्थेत ठेवायचं.

पैशाचं आणि कागदांचं एका परिच्छेदात संपवतो. ड्राफ्ट झालेल्या मुलाला सही होईपर्यंत एक पैसा मिळत नाही, २०११ मध्ये ते डिसेंबरपर्यंत चाललं. तेव्हा निदान सहा महिन्यांचा ट्रेनर, जिम, फिजिओ आणि घरभाड्याचा खर्च आधी बाजूला हवा. एजंटकडून उचल घेतली तर व्याज आणि परतफेड लेखी. तुमच्या आरोग्यविम्यात त्याला सव्विसाव्या वर्षापर्यंत ठेवता येतं, एनबीएत निवड झाली म्हणून नाव काढू नका. आणि एमआरआय, रक्ताचे अहवाल, जुन्या दुखापतींच्या नोंदी यांच्या प्रती दरवर्षी मेमध्येच कॉलेजकडून किंवा संघाकडून घ्या. कुलूप लागल्यावर फाइल आत आणि गुडघा बाहेर अशी अवस्था होते.

दिरांचं म्हणणं अगदी उडवून लावू नका. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत आणि ड्राफ्टमध्ये जागा साठ, त्यातही परदेशी मुलं. म्हणून तीन कॉलेजांतून निवडताना पदवीही बघा. मोसमात त्या विषयाचे प्रयोगशाळेचे तास सरावाशी भिडतात का ते आत्ताच विचारा. इंजिनिअरिंग आणि बास्केटबॉल एकत्र जमतं, पण सगळीकडे नाही.

कॉलेजला भेट द्याल तेव्हा मुख्य प्रशिक्षकापेक्षा सहायकांशी बोला. माझ्या मुलाच्या फेकीवर कोण काम करणार, आठवड्याला किती तास, आणि ती व्यक्ती इथे किती वर्षं आहे? गेल्या तीन वर्षांत पहिल्या वर्षाच्या किती मुलांना सामन्याला दहा मिनिटांहून जास्त खेळवलं? शिकून बाहेर पडलेल्या मुलांना उन्हाळ्यात इथली जिम आणि ताकदीचा प्रशिक्षक वापरू देता का? २०११ मध्ये कुलूप लागलं तेव्हा अर्व्हिंग ड्यूकलाच परत जाऊन वर्गात बसला होता. या शेवटच्या प्रश्नाला जिथे "हो, आणि सध्या इतके जण येतात" असं नावानिशी उत्तर मिळेल, ते कॉलेज यादीत वर ठेवा.

आणि चित्रणाची पहिली फाइल या शनिवारीच करून ठेवा. भेटीच्या वेळी त्या सहायकाला ती दाखवा आणि तो पहिल्या दोन मिनिटांत काय बोलतो ते लिहून घ्या.